चहा आला तर फ्रेम पास

सायकल दुरुस्तीच्या दुकानात फेस पावडरचा डबा कशाला, असा प्रश्न नव्या गिऱ्हाइकाला हमखास पडतो. पान्यांच्या शेजारी, ग्रीसच्या डब्याला खेटून आमचा गुलाबी डबा असतो. कुणी विचारलेच तर आमचे हे खालमानेने रीम फिरवत बसतात आणि मी पडद्याआड असते, म्हणून उत्तर मिळत नाही. मग गिऱ्हाईक आपल्या मनानेच काय ते ठरवते. एकदा एक जण बाहेर दुसऱ्याला सांगत होता, "मिस्त्रीला नटायचा नाद हाय." मी आत तोंडात पदर कोंबून हसले. ह्यांना काही सांगितले नाही. ह्यांना सांगायचे म्हणजे ओरडून सांगावे लागते, आणि ओरडले की सगळ्या रस्त्याला कळते.

आमचे दुकान सांगलीहून कुपवाडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये पडदा. मी चौथीपर्यंत शिकले. चार अनोळखी माणसे समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, ती अजून सुटलेली नाही. मला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी पेपर वाचायला दिला. मी तो इतका हळू वाचला, की त्यांच्यातल्या एका बाईने वडिलांना विचारले, "पोरीला आवाज हाय न्हवं?" मग चालून दाखव, हात दाखव, सुईत दोरा ओव. त्या दिवशी फार राग आला होता. आता मी दिवसभर दुसऱ्यांच्या फ्रेमी तशाच बघते. उलट्या करते, नख लावते, कुठे काय लपवले आहे ते शोधते. त्यामुळे त्या पाहुण्यांवरचा राग थोडा कमी झाला आहे. बघायचेच तर लाज सोडून बघावे लागते.

हे काम माझ्याकडे कसे आले ते सांगते. हे आधी कुपवाडला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होते. त्या धडधडीत एक कान गेला आणि दुसरा अर्धा राहिला. मग नोकरी सोडून सासऱ्यांचे दुकान हातात घेतले. वाकडी फिरणारी रीम तारा आवळून सरळ करणे, ज्याला आम्ही आउट काढणे म्हणतो, त्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण जुनी फ्रेम डोळ्यांनी अर्धीच कळते. उरलेली अर्धी कानाने कळते, आणि तिथे ह्यांची अडचण. गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचे नव्हते. मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हटले, की लोकांना वाटते मिस्त्रीला कळतही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, लोखंडी सांगाडा तो, त्यात बघायचे काय. पण आमच्याकडे लोक भंगारातून फ्रेम उचलून आणतात आणि म्हणतात, हिच्यावर नवी सायकल उभी करून द्या. कुणाला डॉक्टरने चालवायला सांगितलेली असते, कुणाला बॅटरीची मोटर बसवायची असते, कारखान्यातल्या परराज्यातल्या पोरांना खोलीवरून कामावर जायचे असते. चाके, ब्रेक, चेन सगळे बदलता येते. फ्रेम नासकी निघाली तर वरचा सगळा खर्च आणि वर बसलेला माणूस, दोन्ही धोक्यात.

म्हणून मी पहिल्यांदा फ्रेम अंगणातल्या शेवग्याला दोरीने टांगते आणि पान्याने हलकेच वाजवते. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवतो, तसेच. चांगली फ्रेम देवळातल्या छोट्या घंटेसारखी वाजते आणि आवाज जरा वेळ अंगणात राहतो. चीर असेल तर 'खट' म्हणून गप्प बसते. मग सीटची नळी उलटी धरून झटकते. आतून गंजाचे पापुद्रे पडले, की नळी आतून खाल्ली गेली असे समजायचे. पुढच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचेपर्यंत दोन्ही अंगांनी दोरी ताणून बघते. एका बाजूला दोरी मधल्या नळीच्या जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब राहिली, तर फ्रेम कुणीतरी कुठेतरी आपटलेली आहे. जुन्या पर्सच्या बटणातले लोहचुंबक मी जपून ठेवले आहे. ते सगळीकडे चिकटते आणि एकाच जागी घसरते, तिथे लोखंड नाही, वरून लांबी, म्हणजे रंगाऱ्याचा लगदा, भरलेली आहे.

शेवटी पावडर. संशयाच्या जागी रॉकेलचा बोळा फिरवायचा, जरा थांबायचे, कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचे आणि वर पावडर उडवायची. चीर असली तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पावडरीत केसाएवढी काळी रेघ उमटते. आधी मी खडूची पूड वापरायची, पण पावडर मऊ बसते. सुवासही येतो, ते माझे सुख.

विकणारेही कमी नसतात. सगळ्या फ्रेमीला गंज आणि एकाच जागी चकचकीत स्टिकर असेल, तर तिथेच नख घालायचे. एका भंगारवाल्याने याच्यापुढची अक्कल लढवली. तो चिरेवर देवाचा स्टिकर लावायचा. देवाला कोण खरवडणार? मी आधी हात जोडायची, मग गरम पाण्याचे फडके ठेवून स्टिकर अलगद सोडवायची. देव फेकवत नाहीत म्हणून मोरीजवळच्या भिंतीवर चिकटवत गेले. गिऱ्हाईक बघून तो देव बदलायचा, त्यामुळे आमच्या भिंतीवर सगळ्या धर्मांची मंडळी गुण्यागोविंदाने नांदतात. प्रत्येकाच्या नावावर एकेक फुटकी फ्रेम आहे.

आता निकाल ह्यांना कळवायचा कसा? गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसलेले. बोलावे तर ओरडावे लागणार, आणि लोकांसमोर ओरडणे माझ्याने होत नाही. त्यातून चहाची पद्धत निघाली. फ्रेम धुवायच्या निमित्ताने हे ती आत देणार. चांगली असेल तर मी पडद्याखालून दोन कप चहा सरकवणार. वाईट असेल तर फ्रेम नुसती परत बाहेर ठेवणार. चहा आला तर फ्रेम पास. नाही आला, की हे मान खाजवून म्हणणार, "दुसरी बघा पाव्हणं, हिच्यात दम न्हाई." गिऱ्हाइकाला कधी संशय आला नाही. गिऱ्हाइकाबरोबर फ्रेम घेऊन येणाऱ्या त्या देवाच्या भंगारवाल्याला आमच्याकडे आजवर चहा मिळालेला नाही. मिस्त्रीची बायको लय चिकट आहे असे तो गावभर सांगत फिरतो. मी ऐकून घेते.

पद्धत चोख चालली होती. ती आत्याबाईंनी बुडवली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या एरवी तासगावकडे धाकट्या दिरांजवळ असतात. माझी बहीण बाळंतपणाला मिरजेच्या दवाखान्यात होती, तिच्याजवळ मला राहायचे होते, म्हणून घर बघायला आत्याबाई आल्या होत्या. मी निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात हिंदुराव पैलवान एक फ्रेम खांद्यावर टाकून आले.

पैलवान म्हणजे आडवातिडवा माणूस. कुस्ती सोडून जमाना झाला, पण अंग उतरले नाही. त्यात साखरेचा आजार. बाकड्यावर बसले तसे बाकडे बोलले.

"मिस्त्री, डाक्टर म्हणतोय सायकल मारा," ते मोठ्याने म्हणाले. त्यांचा आवाज ह्यांनाही ऐकू येतो. "नवी सायकल आमचं वजन बघूनच वाकती. म्हणून ही जुनी आणलीया भंगारातनं. आन पुढच्या दांडीवर आमच्या आरूला बारकी सीट बशीव. नातीला शाळेत सोडायचं काम आता माझ्याकडं."

ह्यांनी फ्रेम आत दिली. मी वाजवली. खट. रॉकेल लावले, पुसले, पावडर टाकली. पुढच्या नळीला, जिच्यात हँडल फिरते, खालची तिरकी नळी जिथे मिळते, तिथे काळी रेघ अर्धी नळी वेढून गेली. मागची नळी मोडली तर माणूस खाली बसतो, पुढची मोडली तर माणूस तोंडावर पडतो, आणि मोडायच्या आधी ती काही सांगत नाही. इथे तर दांडीवर नात बसणार होती. मी पावडर पुसली, फ्रेम बाहेर कोपऱ्यात टेकवली, चहा टाकला नाही आणि पिशवी घेऊन मागच्या दाराने निघून मिरजेची बस धरली. मला वाटले, निकाल कळवून झाला.

बहिणीला मुलगी झाली. बारसे तिथेच करून जा म्हणाली, म्हणून राहिले. ह्यांच्याशी फोनवर बोलणे म्हणजे मी इकडून ओरडायचे आणि ह्यांनी तिकडून "बरं" म्हणायचे. त्यात फ्रेमीचा विषय कशाला निघेल?

परत आले ती दुपारच्या आधीच्या बसने. पिशवी ठेवली आणि सवयीने कोपऱ्यात बघितले. कोपरा मोकळा होता.

"पैलवानांची फ्रेम कुठं हाय?" मी विचारले.

"रंगवून दिली की," हे खुशीत म्हणाले. "हिरवागार रंग मारलाय. झ्याक पळतीया."

"दिली? ती फुटकी हाय."

"काय?"

"फुटकी हाय."

"कोण कुटली हाय?"

मी ओरडले. आयुष्यात इतकी ओरडले नसेन. समोरच्या गिरणीतून बाई डोकावली, "काय फुटलं गं? तेलाची बरणी व्हय?"

ह्यांचा चेहरा उतरला. "आगं, चहा आला की. तूच धाडलास."

"मी मिरजेच्या बसमध्ये हुते."

मग आमच्या दोघांच्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. आत्याबाई लसूण सोलत होत्या.

"मी दिला चहा," त्या म्हणाल्या. "हिंदुराव आमच्या गावचा हाय. माझ्या म्हायेरचा माणूस दारात यिऊन कोरडा जाऊ दिऊ? साखर चमचाभर जास्तीच घातली. लय दुवा दिला बिचाऱ्यानं."

आता त्यांना काय म्हणणार? माहेरच्या माणसाला चहा द्यायचा नाही, असा नियम जगात कुणी करू शकत नाही. आम्हाला ते आधी सुचायला हवे होते.

ह्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पैलवानांच्या सुनेने उचलला. "मामंजी फोन घरीच ठिवत्यात. आता आरूची शाळा सुटंल, तिकडंच गेलं आसतील," ती म्हणाली. मग जरा थांबून, "का शाळंच्या अलीकडं टपरीवर बसल्यात काय, बघा. दिसले तर मला सांगा."

ह्यांनी एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल घेतली आणि थेट शाळेच्या फाटकावर निघाले. मी टपरीकडे पळाले. पळताना एकच गोष्ट डोक्यात होती, शाळा सुटायच्या आधी त्यांना गाठायचे. दुसरी गोष्ट मी डोक्यात येऊ देत नव्हते. टपरीवर सगळी पुरुषमाणसे असणार.

होतीच. चिंचेखाली दोन बाकडी भरलेली. मध्ये पैलवान, हातात वाफाळता ग्लास. हिरवी सायकल झाडाला टेकलेली, दांडीवर लाल रंगाची बारकी सीट. मी आधी सायकलीकडेच गेले. हँडलच्या मानेखाली नव्या रंगात बारीक रेघ पडली होती आणि तिला तांबडी कड सुटली होती. रंग भेगाळतो तेव्हा खालचे लोखंड हलत असते.

"कोण, मिस्त्रीणबाई?" पैलवान म्हणाले. "या, या. आवं, सायकल काय पळतीया तुमची. ए, एक चहा दे रं वैनीस्नी."

सगळी बाकडी माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडले. काही आले नाही. पुन्हा उघडले. नाही आले. पैलवानांनी ग्लास ओठाला लावला, आणि मला काय झाले कुणास ठाऊक. इतकी वर्षे मी जे काही बोलले ते चहानेच बोलले होते. मी पुढे झाले, त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि चहा चिंचेच्या बुंध्याशी ओतला.

पैलवानांनी रिकाम्या हाताकडे बघितले.

"सूनबाईनं धाडलंय व्हय तुमास्नी?" ते हळू आवाजात म्हणाले. "आवं, बिनसाखरंचा हुता. इचारा ह्याला."

टपरीवाला भांडे ढवळत म्हणाला, "मला मदी घिऊ नगा पैलवान. चार चमचं हुती."

सगळे हसले. पैलवानही कसेनुसे हसले. तेवढ्यात माझ्यासाठी सांगितलेला चहा आला आणि त्यांनी तोही उचलला. मी तोही ओतला.

"आता ह्यो तर तुमचाच हुता," ते म्हणाले.

"सायकल," मी म्हणाले. एवढे एकच आले.

"सायकलीचं काय?"

"फुटकी हाय."

"आज सकाळी पोरीला घिऊन आलो की तिच्यावरनं." त्यांनी वाकून बघितले. "ही व्हय? रंगाची रेघ हाय ती."

त्यांना पटवायला पावडर नव्हती, रॉकेल नव्हते आणि रंगावर ते चालतही नाही. मी हँडलकडे बोट केले. "पुढचा ब्रेक दाबा. आन पुढं ढकला."

पैलवानाला ढकला म्हटले की तो ढकलतोच. त्यांनी ब्रेक आवळला आणि अंगाचा जोर दिला. चाक जागचे हलले नाही. रेघ मात्र हळूच उघडली. आतली गंजलेली नळी दिसली, जोर सोडला तशी परत मिटली. त्यांनी पुन्हा एकदा ढकलले. पुन्हा उघडली. मग ते त्या लाल सीटकडे बघत राहिले.

पण पैलवान माणूस चार लोकांत फार वेळ गप्प राहू शकत नाही. त्यांनी सायकल आडवी पाडली, फ्रेमीवर पाय रोवला, हँडल दोन्ही हातांनी धरले आणि हिसडा दिला. खालची नळी तुटली, वरची पिरगाळली, आणि पुढचे चाक हँडलसकट त्यांच्या हातात आले.

"बघा," ते लोकांना म्हणाले. "हाडात जोर हाय अजून."

टाळ्या पडल्या. "व्हय की गड्या, लोखंड तोडलं," कुणीतरी म्हणाले. चीर कुठवर गेली होती ते मला माहीत होते. तेवढी फ्रेम मीही तोडली असती. पण टाळ्या चालू असतानाच ते खाली बसून लाल सीटचा नट सोडवायला लागले, ते मी बघितले. पाना नव्हता, नुसत्या बोटांनी सोडवला. सीट टॉवेलात गुंडाळली, काखेत धरली आणि ते चालत शाळेकडे गेले. फाटकावर हे उभे होतेच. दोघांनी मिळून आरूला पायी घरी आणले.

गावात गोष्ट झाली ती अशी, की हिंदुराव पैलवानाने या वयात नुसत्या हाताने सायकल मोडली. आमच्या दुकानाचे नाव त्यात चांगल्या अर्थाने आले. एवढ्या ताकदीपुढे कुठली फ्रेम टिकणार, असे लोक म्हणाले. पैलवानांनी ते खोडले नाही आणि आम्हीही नाही. त्यांच्या सुनेने मात्र मला निरोप पाठवला, की दोन ग्लास ओतलेत ते फार बरे केलेत.

चार दिवस हे माझ्याशी नीट बोलले नाहीत. रागाने नव्हे, आरूचे काय झाले असते या भीतीने. एकदा मी फ्रेम वाजवत होते, तर अंगणात येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिच्यावर हलकेच तळवा टेकवला. मी पुन्हा पान्याने टोला दिला. त्यांनी माझ्याकडे बघितले.

"मुंग्या येत्यात हाताला," ते म्हणाले.

मग मी एक फुटकी फ्रेम टांगली. तिच्यावर तळवा ठेवून ते म्हणाले, "हिच्यात काईच न्हाई." जे मला कानाने कळायचे ते त्यांना हाताने कळत होते. इतकी वर्षे आम्ही चहा सरकवत बसलो. वाईट वाटायचे ते एवढ्याचेच वाटते. आता फ्रेम दुकानातच टांगतो, गिऱ्हाइकासमोर. मी वाजवते, हे तळवा ठेवतात, आणि दोघांचे जुळले तरच काम घेतो. पडदा अजून आहे, पण तो माश्या अडवायला.

पैलवान परत आले. पहिली फ्रेम आणली ती आम्ही नापास केली. दुसरी आणली तिच्यावर देवाचा स्टिकर होता. ती कुणाकडून आणली ते विचारायची गरज पडली नाही. देव मोरीजवळच्या भिंतीवर गेले. तिसरी काळी, वजनदार, रंग उडालेली. टोला दिला तर गिरणीतली बाई बाहेर येऊन बघायला लागली, कसली घंटा म्हणून. ह्यांनी तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी दोरी लावली, नळी झटकली, पावडर टाकली. पावडर पांढरीच राहिली.

मी आत जाऊन चहा टाकला. आत्याबाई अजून मुक्कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या म्हायेरचा हाय, साखर घाल." मी घातली नाही. कप पडद्याखालून न सरकवता स्वतः बाहेर नेऊन त्यांच्या हातात दिला.

पैलवानांनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "मिस्त्रीणबाई, चहा अगोड हाय."

"चहा अगोडच मिळंल," मी म्हणाले. "फ्रेम पक्की हाय."

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी एका दमात इतके शब्द मी पहिल्यांदाच बोलले. त्यांनी माझ्याकडे बघितले, फ्रेमीकडे बघितले, आणि तळाचा घोटसुद्धा न ठेवता कप रिकामा केला. मग पिशवीत हात घालून टॉवेलात गुंडाळलेली लाल सीट काढली आणि ह्यांच्या हातात दिली.